तारपा नृत्य रंगमंचावर बसवायचे आहे: नाचणाऱ्यांनी तोंड कोणाकडे करावे?

खाडीपलीकडे

नमस्कार. आमच्या डोंबिवलीच्या वसाहतीत दरवर्षी कोजागरीला मसाला दूध, अंताक्षरी आणि लहान मुलांचे नाच एवढाच ठरलेला कार्यक्रम असतो. यंदा कार्यकारिणीने सुगीचे एखादे लोकनृत्य सादर करायचे ठरवले आणि आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातले तारपा नृत्य निवडले; तारपा म्हणजे वारली लोकांचे भोपळ्याचे, फुंकून वाजवायचे लांब वाद्य. सांस्कृतिक समितीची कार्यवाह म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे. नाचणारे सोळा जण आहेत, आठ स्त्रिया आणि आठ पुरुष, आणि दोघांचा अपवाद सोडला तर सगळे चाळिशीच्या पुढचे आहेत.

पहिल्याच तालमीत एका प्रश्नावर गाडी अडली. नृत्य बसवणाऱ्या बाई अनुभवी आहेत आणि त्यांचे म्हणणे असे, की सर्वांनी प्रेक्षकांकडे तोंड करून अर्धवर्तुळात उभे राहावे, वादकाच्या जागी पुठ्ठ्याचा मोठा तारपा ठेवावा आणि संगीत ध्वनिमुद्रित लावावे. मला मात्र पंधराएक वर्षांपूर्वी तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर पाहिलेला नाच आठवतो. त्यात मला शेवटपर्यंत नाचणाऱ्यांच्या पाठीच दिसत होत्या आणि तरीही मी दीड तास जागची हलले नव्हते. मूळ नाचात तोंड आतल्या बाजूला असण्याला काही अर्थ आहे, की ती केवळ मैदानातल्या नाचाची सोय आहे, हे जाणकारांनी सांगितले तर तालमीतला वाद मिटेल. कार्यक्रमाला अजून पाच आठवडे आहेत.

खेडमास्तर

ताई, आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपल्या आठवणीतच आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षे नोकरी केली. त्यातली पहिली अकरा वर्षे मोखाडा आणि जव्हार तालुक्यांत गेली, त्यामुळे जे पाहिले ते सांगतो. सगळीकडे अगदी असेच असते असा दावा नाही, कारण दर दहा कोसांवर काही ना काही बदलते.

तारपा नृत्यात प्रेक्षक ही जागाच नसते. मध्यभागी तारपा वाजवणारा उभा असतो आणि बाकीचे सगळे त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला किंवा हाताला हात गुंफून साखळी करतात. ही साखळी पूर्ण बंद वर्तुळ नसते. तिला एक डोके असते आणि एक शेपूट असते. डोक्याशी जो असतो त्याच्या हातात बहुधा घोळकाठी असते, म्हणजे खुळखुळणारे घुंगरू किंवा पत्र्याचे तुकडे लावलेली काठी, आणि ती जमिनीवर आपटून तो पायांचा ठेका धरतो. वादक वाजवता वाजवता सावकाश फिरतो, पुढे सरकतो, मागे येतो आणि साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते, सुटते, पुन्हा गुंडाळते. या सगळ्यात एक नियम कटाक्षाने पाळला जातो, तो म्हणजे तारप्याकडे पाठ करायची नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने चुकून तसे केले तेव्हा त्याच्या मावशीने नाच न थांबवता, साखळीत राहूनच त्याला दंडाला धरून फिरवले होते.

एक रात्र मला विशेष लक्षात आहे. पाड्यावर तेव्हा वीज नव्हती. मी जेवून शाळेच्या ओट्यावर बसलो होतो आणि ओढ्यापलीकडून आधी फक्त एक भरीव, किंचित कर्कश, न थांबणारा सूर आला. पुंगीचा आणि सनईचा आवाज एकत्र करून खाली खर्ज धरावा, तसा काहीसा. टॉर्च घेऊन तिकडे गेलो तोवर नाच रंगात आला होता. मला पोहोचायला पंधरा मिनिटे लागली असतील आणि तेवढ्या वेळात तो सूर एकदाही तुटला नव्हता. वादक नाकाने श्वास घेत असतो आणि त्याच वेळी गालांत साठवलेली हवा तारप्यात सोडत असतो, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या रात्री मला एवढेच वाटले होते की हा माणूस श्वास घेतो कधी?

तेव्हा पुठ्ठ्याचा तारपा मध्ये ठेवून त्याच्याभोवती नाचणे म्हणजे नवरदेवाच्या जागी त्याचा फोटो ठेवून वरात काढण्यासारखे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरळसोट

मास्तरांबद्दल आदर राखून थोडे वेगळे मांडतो. डोंबिवलीतल्या सोळा हौशी लोकांनी कोजागरीला केलेला नाच हा वारली पाड्यावरचा नाच असणारच नाही, तो त्याची एक आठवण असेल. लावणी फडातून नाट्यगृहात आली, गोंधळ अंगणातून महोत्सवात आला, कोळीनृत्य तर शाळांच्या स्नेहसंमेलनांतच वाढले. प्रत्येक वेळी मूळ मांडणी मोडलीच. समोर दोनशे माणसे खुर्च्यांवर बसली असताना त्यांना पाठी दाखवत राहणे हा शुद्धतेचा हट्ट आहे आणि त्यामुळे पुढच्या वर्षी कार्यकारिणी पुन्हा चित्रपटगीतांकडे वळेल, एवढेच साधेल.

पाड्यावरचा

मी डहाणू तालुक्यातला, जातीने वारली, सध्या बोईसरला एका कारखान्यात नोकरीला आहे. हा धागा मित्राने पाठवला म्हणून सभासद झालो.

सरळसोट यांचा मुद्दा मला सरसकट चुकीचा वाटत नाही. आमची शाळकरी मुलेही पंधरा ऑगस्टला तालुक्याच्या ठिकाणी मंचावर तारपा नाचतात आणि त्यात आम्हाला काही पाप वाटत नाही. माझा आक्षेप मंचाला नाही, ध्वनिमुद्रणाला आहे. कारण सांगतो.

तारप्यावर वाजणाऱ्या निरनिराळ्या चालींना आमच्याकडे चाळे म्हणतात. देवाचा चाळा आहे, मोराचा चाळा आहे, आणखीही आहेत, आणि प्रत्येकाबरोबर पायांची चाल बदलते. कोणता चाळा किती वेळ वाजवायचा हे आधी ठरलेले नसते. वादक नाचणाऱ्यांकडे बघत असतो. पोरे ताजी असली तर तो चाल वाढवतो, एखादी म्हातारी साखळीत आली तर उतरवतो, शेपटाकडच्या मुलांची पावले चुकायला लागली तर तीच चाल पुन्हा पुन्हा घोळवतो आणि सगळ्यांचे पाय एक झाले की मगच पुढे सरकतो. डोक्याशी असणाऱ्याचे कान वादकाकडे आणि वादकाचे डोळे त्याच्या पायांकडे असतात. तोंड आत करायचे ते यासाठी. देवाधर्माचा भाग आहेच, पण पाठ केली तर चाळा बदलल्याचे पायाला कळणार कसे, हा साधा व्यवहार पण आहे. आता ध्वनिमुद्रण कोणाकडे बघते? ते तुमच्या चाळिशीच्या मंडळींना दम लागला तरी त्याच वेगाने वाजत राहील.

माझे आजोबा तारपा वाजवायचे आणि स्वतः बनवायचे. त्यांच्या हाताखाली मी दोन तारपे पूर्ण होताना पाहिले. बनवायचे म्हटले की बाजारातून सामान आणता येत नाही, कारण सगळ्यात आधी भोपळा लागतो, तो भाजीचा कोवळा नव्हे. वेलावरच पूर्ण पिकून टणक झालेला, मानेला योग्य बाक असलेला दुध्या लागतो. आजोबा झोपडीच्या मागच्या बाजूला वेल चढवायचे आणि हव्या त्या आकाराचे फळ दिसले की ते तोडायची सगळ्यांना मनाई असायची. ते वाळले की आतला गर आणि बिया काढून टाकायच्या. मग बांबूच्या दोन बारीक नळ्या, त्यांना बोटांसाठी पाडलेली भोके, आणि नळ्यांच्या आतल्या टोकाला बांबूच्याच चिरून काढलेल्या जिभल्या. तारप्याचा आवाज या जिभल्यांत असतो. नखाएवढ्या जाडीत फरक पडला तर दोन नळ्या एकमेकींशी भांडतात, असे आजोबा म्हणत. नळ्या भोपळ्यात बसवल्या की फटी मधमाशीच्या मेणाने बुजवायच्या. खालच्या बाजूला ताडाच्या पानांचा गुंडाळत नेलेला लांब कर्णा. दुसऱ्या तारप्याच्या वेळी त्यांनी एक जिभली सतरा-अठरा वेळा काढून घासली होती. मी कंटाळून झोपलो, सकाळी उठलो तेव्हा ते अंगणात वाजवत बसले होते.

आमच्या घरात आता कोणी वाजवत नाही. मला नाचता येते, वाजवता येत नाही. तोंडात हवा धरणे जमते, पण नाकाने श्वास घेतला की गालातली हवा सुटते. आजोबांनी लहानपणी शिकवायला बसवले होते, तेव्हा मीच पळून गेलो.

हळवे_गरवे

चर्चा चांगली चालली आहे. कृषी खात्यात पालघर भागात काही वर्षे काढल्यामुळे ‘सुगीचे नृत्य’ या शब्दाबद्दल एक खुलासा करावासा वाटतो, कारण हा शब्द पाठ्यपुस्तकांतून आला आहे आणि तो अर्धाच बरोबर आहे.

सुगी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खळे, रास आणि मोकळा झालेला शेतकरी येतो. उत्तर कोकणातल्या भातशेतीचे गणित जरा निराळे आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, जूनमध्ये पेरणी, जुलैत चिखलात उभे राहून आवणी, म्हणजे रोपांची लावणी. श्रावण-भाद्रपदात बेणणी, म्हणजे तण काढणे, उरकली की शेतात करण्यासारखे थोडेच उरते. भात पोटरीत येते, निसवते, म्हणजे लोंब्या बाहेर पडतात, दाण्यात दूध भरते आणि माणसाच्या हातात वाट पाहणे राहते. हळवे भात दसऱ्याच्या आसपास तयार होते, निमगरवे त्यानंतर आणि गरवे दिवाळीच्या पुढे. तारप्याचे दिवस मी पाहिले ते नेमके या पट्ट्यात, भात निसवल्यापासून दिवाळीपर्यंत. डोंगरउतारावरची नागली आणि वरईही त्याच सुमारास हाती येऊ लागते. खरी कापणी आणि झोडणी जोरात सुरू झाली की रात्री नाचायचे त्राण कोणात उरते? म्हणून हे नृत्य सुगी झाल्याच्या आनंदापेक्षा सुगी दारात आल्याच्या आनंदाचे आहे, असे मी म्हणेन. पीक अजून उभे असते, म्हणजे एका अवकाळी पावसात आडवेही होऊ शकते. कणसरी ही वारल्यांची धान्याची देवता, तिला घरात बोलावण्याचा तो काळ आहे.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे, पण विषयाला धरून आहे. या भागातले पीक कितीतरी काळ पिकवणाऱ्याचे नव्हतेच. जमीन सावकार-जमीनदारांची, कसणारा कूळ, आणि खंड भरून झाल्यावर जे उरे त्यावर पुढचा पावसाळा काढायचा. वेठ वेगळी. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला तो १९४५ साली, आणि त्या वर्षी गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला तोही याच हंगामात. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. तारीख पाहा, हे तारप्याचे दिवस आहेत. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, म्हणून कागदावर तरी कसणाऱ्याला मालकीचा हक्क मिळाला. प्रत्यक्षात किती जणांना मिळाला हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. माझे म्हणणे एवढेच, की निवेदन करताना ‘भरघोस पिकाच्या आनंदात बेभान होऊन नाचणारे भोळे आदिवासी’ असले वाक्य कृपा करून टाळावे.

खाडीपलीकडे

हळवे_गरवे, आपण जवळजवळ तेच वाक्य लिहिले आहे जे आमच्या निवेदिकेने लिहून आणले होते. ते काढले.

पाड्यावरचा दादा, आपला प्रतिसाद मी तालमीत मोठ्याने वाचून दाखवला. नृत्य बसवणाऱ्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की वादक मिळाला तर त्या अर्धवर्तुळाचा आग्रह सोडतील. म्हणजे चेंडू पुन्हा आपल्या अंगणात आला आहे.

त्या आधी आणखी एक अडचण, पोशाखाची. भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून मागितल्यावर हिरव्या झालरींचे पानांसारखे घागरे, कवड्यांच्या माळा, डोक्याला पिसे आणि चेहऱ्यावर काढायचे पांढरे ठिपके असे सगळे एका पिशवीत मिळाले. समितीतल्या काहींना ते फार आवडले आहे.

चौकटीबाहेर

ती पिशवी दुकानात परत करा. असा पोशाख कोणताही वारली माणूस कधी घालत नाही, तो चित्रपटांनी तयार केलेला आहे. वारली स्त्रिया गुडघ्यापर्यंत आखूड लुगडे नेसत आल्या, आता बहुतेक जणी साडी नेसतात आणि पुरुष सदरा-पँट घालतात. आपल्या मंडळींनी साध्या सुती साड्या आखूड नेसाव्यात आणि पुरुषांनी धोतर किंवा घरचेच कपडे घालावेत. वारली चित्रांची छपाई असलेल्या साड्यांचा बूट कोणी काढील, त्यालाही नकार द्यावा असे मला वाटते, कारण नाचणाऱ्याच्या अंगावर नाचणाऱ्याचेच चित्र हे फारच हास्यास्पद दिसते. (मी कला महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे या बाबतीत जरा चिडका आहे.)

मूळ प्रश्नाला चित्रांच्या बाजूने एक उत्तर देता येते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या पाड्यावरचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि जे २०१८ साली गेले, त्यांची तारपा नृत्याची चित्रे आठवून पाहा. शेणा-मातीच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे आवर्त, मध्ये लांब वाद्य धरलेला वादक आणि त्याच्याभोवती दोन-दोन त्रिकोणांची शंभर माणसे. मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो की हे चित्र कोठे उभे राहून पाहिले आहे? कोणी म्हणतो वरून, झाडावरून. पण वरून पाहिले असते तर माणसांची फक्त डोकी दिसली असती. इथे आवर्त वरून दिसते आणि प्रत्येक माणूस मात्र बाजूने, पूर्ण उंचीचा दिसतो. म्हणजे चित्रकार बाहेर उभा राहिलेला नाही. साखळीत फिरताना डावी-उजवीकडची माणसे त्याला जशी दिसतात तशी त्याने एकामागून एक मांडली आहेत, असे माझे वाचन आहे. बाहेरच्या डोळ्यासाठी ते रचलेलेच नाही. अर्धवर्तुळ करून प्रेक्षकांना चेहरे दाखवले तर नेमके हेच जाते.

लोहित_किनारा

बँकेच्या नोकरीमुळे सहा वर्षे गुवाहाटीत आहे. सरळसोट यांनी मंचाचा मुद्दा काढला म्हणून इथले उदाहरण देतो, कारण ते दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात सर्रास ‘बिहू हे आसामचे सुगीचे नृत्य’ असे लिहितात. सुगीचा बिहू जानेवारीत येतो, त्याला माघ किंवा भोगाली बिहू म्हणतात, आणि त्यात भर असतो तो खाण्यापिण्यावर आणि होळीसारख्या मेजीवर. आपण ज्याला बिहू नृत्य म्हणून ओळखतो ते एप्रिलच्या मध्यातल्या बोहाग बिहूचे, नव्या वर्षाचे, पेरणीच्या तोंडचे आहे. गावात मंडळी ढोल आणि पेपा, म्हणजे म्हशीच्या शिंगाचे वाद्य, घेऊन घरोघरच्या अंगणात जातात, त्याला हुसरि म्हणतात. गुवाहाटीच्या लताशील मैदानावर १९५२ पासून ते मंचावर आले आणि आता शहरभर स्पर्धा होतात. एप्रिल २०२३ मध्ये सरुसजाई क्रीडांगणावर अकरा हजारांहून अधिक जणांनी एकत्र नाचून जागतिक विक्रमही केला.

मंचामुळे बिहू मेला का? मुळीच नाही, उलट शहरातल्या मुलींनी तो उचलून धरला. पण इथले जुने लोक एक गोष्ट सांगतात ती मला पटते. मंचावर आल्यावरही ढोल आणि पेपा वाजवणारे नाचणाऱ्यांच्या सोबत तिथेच उभे राहिले, त्यांना कोणी पडद्याआड किंवा ध्वनिफितीत ढकलले नाही. त्यामुळे मुलगा शहरात वाढला तरी त्याला पेपा शिकावासा वाटतो, कारण तो वाजवणारा त्याला दिसतो.

सरळसोट

हा मुद्दा मान्य आहे. मी मंचाची बाजू घेतली होती, ध्वनिफितीची नव्हे, पण लिहिताना दोन्ही एकच समजून चाललो होतो. पाठ दाखवण्याबद्दल मात्र माझी शंका कायम आहे, ती कार्यक्रम झाल्यावर ताईच दूर करतील.

खेडमास्तर

वादकाविषयी. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री मिळाल्यापासून शहरातल्या मंडळांना तारपावादक हवा असतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बोलावण्याची रीत अजून सुधारलेली नाही. मला माहीत असलेला एक प्रसंग सांगतो. एका शहरातल्या मोठ्या सभागृहात वादकाला दुपारी दोन वाजता आणून बसवले, रात्री साडेनऊला चार मिनिटे वाजवू दिले आणि मानधन म्हणून शाल, नारळ व एसटीचे भाडे हातावर ठेवले. त्या दिवशी त्याचे हळवे भात कापायला आले होते. एक दिवसाची कापणी बुडाली म्हणजे घरच्यांवर काय भार पडतो, हे आयोजकांच्या गावीही नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी, की एकट्या वादकाला न बोलावता घोळकाठीवाला आणि चार-पाच नाचणारे मिळून बोलवावेत. साखळीचे डोके त्यांच्याकडे द्यावे आणि आपली सोळा माणसे त्यांच्या मागे जोडावीत. मुख्य कलाकाराला देतो तसे मानधन आधी ठरवून, निम्मे आगाऊ द्यावे. दिवस ठरवण्यापूर्वी त्यांच्या शेतात काय चालू आहे ते विचारावे. पाड्यावरचा यांनी मनावर घेतले तर मध्यस्थी करता येईल.

पाड्यावरचा

करतो. आमच्या शेजारच्या पाड्यावर एक काका वाजवतात. त्यांचे निमगरवे भात आहे, म्हणजे कोजागरीला ते मोकळे असतील. तारपा नीट बसवायला गाडीत जागा लागेल, कर्णा लांब असतो आणि दाबला गेला तर पाने उसवतात. ताईंना निरोपातून क्रमांक कळवतो.

खाडीपलीकडे

कार्यक्रम परवा झाला. सगळ्यांनी वेळ देऊन लिहिले होते, म्हणून जे घडले ते बरे-वाईट दोन्ही सांगते.

मंच रद्द केला. मैदानाच्या मधोमध चुन्याने मोठे वर्तुळ आखले, खुर्च्या त्याच्या चारही बाजूंनी मांडल्या, म्हणजे कोणालाच ‘समोर’ राहिले नाही. काका, घोळकाठीवाले दादा आणि चार जणी असे सहा पाहुणे दुपारीच आले आणि आमच्याकडे जेवले. संध्याकाळी त्यांनी आमच्या सोळा जणांना अर्धा तास फक्त चालायला लावले, वाजवणे नाहीच. नृत्य बसवणाऱ्या बाईंनी पाच आठवड्यांत शिकवलेले हातवारे त्यांनी एका वाक्यात काढून टाकले. ‘हात मोकळे कशाला पाहिजेत, शेजारणीला धरा,’ असे त्यातल्या एका मावशी म्हणाल्या. बाईंना ते लागले असावे, पण त्या स्वतः साखळीत शेपटाला जाऊन उभ्या राहिल्या.

नाच सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटे खुर्च्यांवर चुळबुळ होती, हे सरळसोट यांनी म्हटल्याप्रमाणेच झाले. पाठीच दिसत होत्या. मग हळूहळू लोक उठून वर्तुळाच्या कडेला यायला लागले, कारण आत काय चालले आहे ते बसून दिसत नव्हते. तिसऱ्या चाळ्याला शेपटाला माणसे जोडली जाऊ लागली. मी मोजले तेव्हा साखळीत एक्केचाळीस जण होते आणि दोन खुर्च्यांवर फक्त आजीबाई उरल्या होत्या.

आणि मग तारपा बिघडला. मैदानाच्या दोन कोपऱ्यांत आम्ही मोठे हॅलोजन लावले होते, त्यातल्या एकाच्या अगदी जवळ काका बराच वेळ उभे होते. सूर एकदम फाटला, फुसफुस व्हायला लागली. त्यांनी वाद्य खाली घेतले, भोपळा आणि नळी जिथे जुळतात तिथे बोट लावून पाहिले आणि बोटाला आलेले मऊ मेण मला दाखवले. ‘ऊन लागलं याला,’ म्हणाले. दिवा बंद केला. ते मैदानाच्या कडेच्या बाकावर बसले, कनवटीच्या पुडीतून मेणाचा खडा काढला, अंगठ्याने दाबून फट बुजवली, फुंकून पाहिले, पुन्हा दाबली. या सगळ्याला वीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात कार्यक्रम ढेपाळेल म्हणून मी घाबरले होते. पण आमच्या इमारतीतली सात-आठ मुले बाकाभोवती कोंडाळे करून बसली होती आणि एकही जण मोबाइलकडे पाहत नव्हता. काकांनी त्यातल्या एकाला नळी तोंडात धरायला दिली. त्याच्याने नुसती हवा गेली, आवाज निघाला नाही, आणि तो आजही संध्याकाळी मला विचारत होता की काका परत कधी येणार आहेत.

नंतर एकच दिवा ठेवून आणखी तासभर नाच झाला. दूध दीडच्या सुमारास प्यालो, तोवर त्यावर साय धरली होती.

सरळसोट

पाठींबद्दलची शंका मागे घेतो. दहा मिनिटे चुळबुळ झाली हेही आपण प्रामाणिकपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार.

पाड्यावरचा

काका काल घरी भेटले. खूश आहेत, जेवण आवडले, मानधन वेळेवर मिळाले हे दोनदा सांगितले. त्यांचा निरोप असा, की पुढल्या वर्षी बोलावणार असाल तर दोन्ही हॅलोजन काढा, पौर्णिमेला त्यांची काही गरज नसते. आणि ज्या मुलाच्याने आवाज निघाला नाही त्याच्यासाठी त्यांनी भोपळ्याच्या बिया काढून ठेवल्या आहेत. मी महिनाअखेर ठाण्याला येणार आहे, तेव्हा आणून देतो. वेल चढवायला मांडव लागतो, गच्चीवर जागा आहे का ते आधी विचारून ठेवा.